चौथं नाव

त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि आईच्या उशाशी ठेवला.

"विचारतील त्याला फक्त हो म्हणायचं. बाकी मी बघतो."

"जन्मभर तेच केलंय," आई म्हणाली.

नव्या ग्राहकाला मिळणारी इंटरनेटची सवलत वर्षभरच टिकायची. मग बिल एकदम दुप्पट. तो जुनं कनेक्शन बंद करायचा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर नवं घ्यायचा. त्याचं झालं, बायकोचं झालं, लेकीचंही झालं. भाषांतराचं सगळं काम घरूनच चालायचं, जुनं कनेक्शन आज संध्याकाळी तुटणार होतं आणि पूर्ण दर या महिन्यात झेपणारा नव्हता.

"आईंनंतर कोण?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. "मांजर पाळू या का?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे कंपनीची मुलगी बोलू लागली होती.

"आजी, कनेक्शन तुमच्याच नावावर घ्यायचंय ना?"

"हो."

"इंटरनेट तुम्हीच वापरणार?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"हो, तर काय!"

"आणि याच पत्त्यावर कायम राहता ना?"

"छे गं बाई. चार दिवस आलेय मुलाकडे. माझं घर आहे की."

तो हातवारे करू लागला. आई त्याच्यावरच उखडली.

"अरे, हो कसं म्हणू? पाय बरा झाला की नेऊन सोडतो, असं तूच म्हणालास ना? कधीचा बरा झालाय पाय."

तिने उशीखाली हात घालून किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली. रोज पुसल्यासारखी ती लखलखीत होती.

त्या घरात भाडेकरू येऊन दोन पावसाळे उलटले होते. कुलूप त्यांनी पहिल्याच दिवशी बदललं होतं. आईला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. त्याने फोन उचलला, पण स्पीकर बंद केला नाही.

"सर, आहात ना लाइनवर?" मुलीने विचारलं. "मग आजींचा कायमचा पत्ता कोणता घालू?"

आई किल्ली तशीच धरून त्याच्याकडे बघत होती. उत्तर तिलाही हवं होतं.