मऊ धक्का

मित्रांनो, मी एक जुना धक्कामापक आहे. जीव काडेपेटीएवढा, पण खाल्लेला एकही मार विसरत नाही.

परग्रहावर उतरायची तालीम म्हणून मला एका कुपीत बसवून रॉकेटनं आभाळापार नेलं आणि तिथून सोडून दिलं. हवेत शिरताच हवेनं आम्हाला धोपटायला सुरुवात केली. कुपीची कातडी जळाली. कुपी कोलांट्या खाऊ लागली, त्यातच हवाई छत्री उघडली आणि टराटरा फाटली. जतच्या माळावर आपटलो तेव्हा बरोबरची सगळी यंत्रं चिरडली. मी एकटाच शाबूत राहिलो.

छत्री सांगलीच्या मयूरीनं बनवली होती. ती कशानं फाटली हे कळलं नाही, तर मयूरीचं काम बंद होणार होतं. माझ्याजवळचे धक्के ओळीनं जोडून तिनं कुपीची वाट मांडली. ती वाट ओढ्याअलीकडच्या माळावर संपत होती. कुपी मात्र मिळाली होती ओढ्यापलीकडं, बिरोबाच्या देवळात. शिवाय जमिनीच्या धक्क्याआधी एक मऊ धक्का निघाला.

"हवेत कसला आलाय मऊ धक्का?" तिचे वरिष्ठ सुमंत सर म्हणाले. "हा मापक खुळा झालाय, मयूरी. भंगारात टाक."

मला फार लागलं ते. जिवावर बेतलं तरी मी खरं तेच टिपलं होतं.

मयूरी हट्टी. मला पिशवीत घालून ती देवळात गेली. कुपी ज्यांना सापडली त्या धोंडुबाई तिथं मेंढरं राखत होत्या.

"मावशी, कुपी इथंच पडली होती का?"

"न्हाई. पल्याडच्या माळावर. वरनं आलेलं देवाचंच की. रगात लागलंतं, म्हून धुतली, भंडारा लावला आन् देवापुढं ठेवली."

"रक्त कुणाचं?"

"माझ्या मेंढीचं. गाभण हुती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"देवानं नेली, तर गाऱ्हाणं कुणापुढं करायचं, लेकी?"

मऊ धक्का कुणाचा, ते मयूरीला कळलं.

माझी वाट खरी ठरली. कोलांट्या आधी सुरू झाल्या, छत्री नंतर फाटली, म्हणजे दोष छत्रीचा नव्हता, हे सुमंत सरांनीही मानलं. पुढच्या तालमीआधी मयूरी स्वतः धोंडुबाईंबरोबर माळावरची मेंढरं दूर हाकायला गेली.

आता मी कपाटात असतो. पाहुणे माझं कौतुक करतात. पण मित्रांनो, त्या मेंढीचा शेवटचा क्षण फक्त माझ्याजवळ आहे, आणि तो पुसता येत नाही. म्हणून विनवतो, हिशोबात न बसणारा धक्का दिसला, तर यंत्राला खुळं ठरवण्याआधी विचारा, तो लागला कुणाला.