खिरापत ओळखा, पण इंग्रजीत!

"शाळा बंद म्हंजे बंद!" असं म्हणून उत्तमरावांनी हातातली टोपली ओसरीवर आदळली. आत चुलीपाशी त्यांची मुलगी शकुन तोंड लपवून रडत होती.

अकोल्याच्या जुन्या शहराबाहेर, मोर्णेच्या काठाला उत्तमरावांचा मळा होता. वांगी, मिरच्या, झेंडू आणि कडेच्या काळ्या वावरात भुईमूग. वऱ्हाड मध्यप्रांतात होता, तेव्हाची ही गोष्ट. माळ्याच्या पोरीनं इंग्रजी शिकायचं म्हणजे आळीभर चर्चा! तरी उत्तमरावांनी मोठ्या हौसेनं शकुनला इंग्रजीच्या वर्गात घातलं होतं.

पण परवा शाळा तपासायला मडम आली. तिनं शकुनला उभं केलं आणि पुस्तकातल्या बर्फाबद्दल विचारलं. पोरीच्या तोंडून शब्द फुटेना! दुसऱ्याच दिवशी भरबाजारात चुलतभाऊ किसनराव हसत म्हणाले, "काहून रे उत्तम, मडमीपुढं मुकी झाली म्हने तुई पोरगी? आपल्या घरच्या पोरीयले कायले पायजे साहेबाची भाषा?"

ते उत्तमरावांच्या जिव्हारी लागलं.

दसऱ्याची सुटी लागली, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या लीलाबाई जठारपेठेतून नदी ओलांडून स्वतः त्यांच्या दारात आल्या.

"भाऊ, शकुन मुकी नाही. चूक माझी आहे. जो बर्फ तिनं जन्मात पाहिला नाही, त्यावरचा धडा मी तिला शिकवत बसले. आणि खरं सांगू? मी तरी कुठं पाहिलाय!"

"पन बाई, आमाले काय करायचं हाये इंग्रजीचं?"

"गेल्या साली पार्बताबाई दवाखान्यात होत्या. कुठं दुखतं ते त्या मडम डॉक्टरणीला सांगत होत्या. तिला कळलं का?"

दाराआडून उत्तमरावांच्या बायकोचा, पार्बताबाईंचा आवाज आला, "कायचं कळते! मी पोट म्हनो, अन् थे डोकंच तपासे."

लीलाबाई हसल्या नाहीत. "भाषा साहेबाची असेल भाऊ, पण बोलणारं तोंड तर आपलं आहे ना? शाळेत ती शकुनला परकी वाटते. मला ती तुमच्या अंगणात आणू द्या. एवढी सुटी मला द्या. मग तुम्ही ठरवाल तसं."

"बरं, सुटीपुरतं पाहू," उत्तमराव म्हणाले.

भुलाबाईचे दिवस होते. रोज संध्याकाळी एकेका घरी पोरी जमायच्या, मातीच्या भुलोजी-भुलाबाईपुढं गाणी म्हणायच्या, आणि मग झाकणाच्या डब्यात लपवलेली खिरापत ओळखायचा खेळ रंगायचा. लीलाबाईंनी त्यात एकच नियम घातला. गाणी आपल्या बोलीत, पण खिरापत ओळखायची इंग्रजीत! चुकलं तरी कुणी कुणाला हसायचं नाही.

पहिल्या दिवशी पोरी नुसत्या लाजत राहिल्या. कुणी धीर करून "स्वीट?" एवढंच म्हणालं. पण खिरापतीचा मोह काही साधा नव्हता! हळूहळू प्रश्न लांबत गेले, जिभा सैल झाल्या. पाणी भरता भरता पोरी एकमेकींना इंग्रजीत कोडी घालू लागल्या.

मग उत्तमरावांच्या घरची पाळी आली. ते ओसरीवर झेंडूच्या माळा ओवत बसले होते. गंमत बघायला किसनरावही मुद्दाम येऊन टेकले होते.

शकुननं डबा खुळखुळवला.

"इज इट स्वीट?" एकीनं विचारलं.

"नो."

"डझ इट ग्रो ऑन अ ट्री?"

"नो! इट ग्रोज अंडर द ग्राउंड," शकुन म्हणाली. न अडखळता, अख्खं वाक्य!

पोरींनी बटाटा सांगितला, कांदा सांगितला, रताळं सांगितलं. शेवटी सगळ्या हरल्या. शकुननं झाकण उघडलं. आत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा!

"हू ग्र्यू इट?" लीलाबाईंनी विचारलं.

शकुन ताठ उभी राहिली. तिनं ओसरीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय फादर ग्र्यू इट. इन अवर ओन फील्ड."

उत्तमरावांचा हात थांबला. "काय बोल्ली वं पोरगी, बाई?"

"शकुन, तूच सांग."

"बाबा, मी म्हनलं, ह्या शेंगा माया बाबानं पिकवल्या. आमच्या सोताच्या वावरात."

शिकली की पोरगी मातीला नाक मुरडेल, असा धाक उत्तमरावांच्या मनात कुठंतरी होता. आणि ती तर बापाच्या मातीचंच नाव घेऊन बोलत होती! त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले, आणि छाती भरून म्हणाले, "किसनराव, आयकलं काय? मुकी नाई मायी पोरगी!"

किसनराव शेंग सोलता सोलता हळूच म्हणाले, "बाई, उद्या मायी पोरगी सुभद्रा आली तं चालन काय?"

सुटी संपली. उत्तमरावांनी नवा फेटा बांधला आणि शकुनला, सुभद्रेला आणि आळीतल्या आणखी पोरींना घेऊन ते भर रस्त्यानं शाळेकडे निघाले. ओळखीचं कुणी भेटलं की विचारायची वाट न पाहता स्वतःच सांगत, "इंग्रजीच्या वर्गाले चालल्या!"

बंधुभगिनींनो, 'माझ्या मुलाला येत नाही' असं म्हणण्याआधी आपण त्याला कशावर बोलायला लावलं, हे एकदा तपासून पाहा. परकी भाषा शिकण्यासाठी आपलं घर विसरावं लागत नाही. उलट आपल्या सणाच्या अंगणात, आपल्या पिकाबद्दल, आपल्या माणसांबद्दल अभिमानानं बोलता आलं, की कोणतीही भाषा आपलीच होते. आणि तो अभिमान जितका मुलाचा, तितकाच मुलीचाही हक्क आहे!