आवाज माझा, पोक त्यांचं

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. काळ्या लाकडाची, चकचकीत कळांची. आणि सध्या मी भयंकर चिडले आहे. माझ्यावर आळ आला होता. म्हणे, माझा आवाज गेला!

माझे धनी शिंपी. दिवसभर मशीनवर वाकून शिवतात आणि संध्याकाळी वाद्यवृंदात मला वाजवतात, तेही वाकूनच! पाठीला पोक, हनुवटी छातीला टेकलेली, पोट दुमडलेलं. श्वासाने आत शिरायचं तरी कुठून? मी सूर काढायचे आणि तो त्यांच्याच गुडघ्यांवर आपटायचा.

एके दिवशी वाद्यवृंदाचे मास्तर म्हणाले, "मागे काही पोहोचत नाही. वाद्य बदला, नाहीतर तुमचा एकट्याचा भाग दुसऱ्याला देतो."

झालं! धनी गाल फुगवून जीव खाऊन फुंकू लागले. मी किंचाळले. किंचाळणार नाही तर काय? त्यांनी मला तेल पाजलं, माझ्या तोंडाशी थरथरणारी वेताची पट्टी बदलली. स्वतःची पाठ मात्र बदलली नाही. शेवटी म्हणाले, "म्हातारी झाली ही. मोडीत काढायला हवी."

इतकी वर्षं इमानाने साथ दिली, त्याचं हे फळ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांची बायको काजं करत बसली होती. कामावरून सुटायला उशीर होतो, म्हणून कार्यक्रमात तिची जागा कायम शेवटच्या रांगेत. ती म्हणाली, "एक सांगू? मला तुमचं वाजवणं आजवर कधी ऐकूच आलेलं नाही."

"अगं, मग टाळ्या कशा वाजवतेस?"

"बाकीचे वाजवतात, म्हणून."

धन्यांनी मला मांडीवर ठेवलं.

"चहा हवा असला की कशी हाक मारता?" ती म्हणाली. "ओरडत नाही, तरी शेजारीण आधण ठेवते! ताठ उभं राहून, पोटातून. तशी हाक मारा ना मला, हिच्यातून."

कार्यक्रमात धनी ताठ उभे राहिले. समोरचा कागदांचा स्टँड त्यांनी बाजूला सारला, श्वास पोटापर्यंत उतरू दिला आणि शेवटच्या रांगेकडे बघत अगदी हळू फुंकलं. गाल फुगले नाहीत, की घाई झाली नाही. माझा सूर थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली, टाळ्यांचं तिला भानच नव्हतं.

"नवीन घेतलीत वाटतं!" मास्तर म्हणाले. धनी नुसते हसले. माझी माफी अजून कुणीही मागितलेली नाही.

मित्रांनो, वाद्याला तेलपाणी जरूर करा. पण त्याला मुकं ठरवण्याआधी आपली पाठ सरळ आहे का, तेवढं बघा. त्या बाईला इतकी वर्षं न ऐकताच टाळ्या वाजवाव्या लागल्या.