हातमोज्यातली हाक

आतून पुन्हा चमचा वाजला. स्टीलच्या पेल्यावर, टण टण टण.

"आले, आले!" म्हणत तिने मशीनवरचा पाय काढला. गिऱ्हाइकाच्या पँटची मोहरी अर्धी शिवून झाली होती, अर्धी टाचण्यांवर लटकत होती. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान, मागच्या खोलीत नवरा, आणि मध्ये एक पडदा. गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. पण हल्ली शिवण्यापेक्षा तिचं पडद्याच्या आत-बाहेर करणंच जास्त चाललं होतं.

"पाणी हवंय का?"

नवऱ्याने मान हलवली. नाही.

"उशी वर घेऊ? पंखा वाढवू? खिडकी लावू? संडासला जायचंय?"

नाही, नाही, नाही. त्याने ओठ जुळवले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि बाहेर पडलं ते नेहमीचंच, "त... त... त." मग डोळे मिटून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अहो, मग वाजवलं कशाला?" ती म्हणाली. उत्तर येणार नव्हतंच. ती परत येऊन बसली, टाचणी काढली, आणि पाय मशीनवर ठेवेपर्यंत पुन्हा टण टण टण.

हा माणूस बस डेपोत गाड्यांची घोषणा करायचा. वीज गेली, माइक बंद पडला, तरी त्याचं काम अडायचं नाही. फलाटावर उभा राहून नुसता ओरडायचा, आणि शेवटच्या बाकावर झोपलेला प्रवासीसुद्धा धडपडत उठायचा. डेपोतले लोक त्याला भोंगा म्हणत. तोही कौतुकाने ते नाव मिरवायचा. निवृत्तीनंतर घरातही त्याचा आवाज खालच्या पट्टीत आला नव्हता. मग एका सकाळी दाढी करताना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही. बाकीचं सगळं शाबूत. समजायचं सगळं, आठवायचं सगळं, डोळ्यांतून रागही तसाच निघायचा. दवाखान्यातल्या बाईंनी बोट ठेवून दाखवायला चित्रांचा तक्ता दिला होता. ग्लास, ताट, पलंग, हसरा चेहरा, रडका चेहरा. त्याने तो डाव्या हाताने कपाटामागे भिरकावला. "बालवाडीत घातलंय जणू," असं त्याला म्हणायचं असणार, हे तिने ओळखलं. तेवढं ती ओळखायची. पण चमच्याचं काही कळायचं नाही.

जेवणही कमी झालं होतं. दोन घास घेतले की ओठ घट्ट. हातपाय हलवायचा व्यायाम शिकवणारा माणूस यायचा, तो जाताना म्हणायचा, "मनच नाही त्यांचं. मन नसेल तर मी काय करणार?"

सुट्टीत पुतणी आली, तिने दोन दिवस हे पाहिलं. ती तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिसऱ्या दिवशी ती बाजारात जाऊन आली आणि पिशवीतून एक राखाडी दोऱ्याचं रीळ, नाण्याएवढी दोन-तीन यंत्रं आणि एक सुती हातमोजा मशीनवर ठेवला.

"काकू, काकाचा डावा हात चांगला आहे ना? मग त्या हाताला बोलायला लावू."

"हात कसा बोलेल गं?"

"हा दोरा दिसतोय ना, यात स्टीलचे तंतू आहेत. यातून वीज जाते. प्रत्येक बोटाच्या टोकाला एक तुकडा, अंगठ्याला एक तुकडा. अंगठा बोटाला टेकला की मनगटावरच्या डबीला कळतं, आणि त्या बोटाचा शब्द ती बोलून दाखवते. आपण रेकॉर्ड केलेला."

"शॉक बसला म्हणजे?"

"घड्याळाच्या सेलने कधी शॉक बसलाय का तुला? फक्त एक सांभाळायचं. हे दोरे शिवायचे, पण एकमेकांना शिवता कामा नयेत. शिवले की सगळे शब्द एकदम बोलायला लागतील."

"सवती आहेत म्हण की," ती म्हणाली आणि सुई शोधायला लागली.

मशीनमध्ये तो दोरा टिकेना, म्हणून हातानेच घालावा लागला. मेला दोरा कसला, केस झडणारं मांजर होतं. टोकं पिंजायची, बारीक तंतू शेजारच्या टाक्यावर जाऊन बसायचे, मग ते चिमट्याने वेचायचे. गाठ सुटू नये म्हणून पुतणी प्रत्येक गाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. डबी मनगटावर टिचबटणांनी बसवली, रात्री काढून चार्ज करता येईल अशी. शिवता शिवताही तिचे कान पडद्याकडे असत. चमचा वाजला की सुई तशीच मोज्यात खोचून ती आत पळायची.

"शब्द कुठले घालायचे?" पुतणीने विचारलं.

"पाणी. संडास. दुखतंय. आणखी काय लागतं आजारी माणसाला?"

"आणि 'नको'. 'नको' हवाच," पुतणी म्हणाली. "मान हलवून माणूस किती वेळ नाही म्हणेल?"

आवाजाचा प्रश्न आला तेव्हा दोघींनी मोबाइल उलटेपालटे केले. फोटो होते ढीगभर. एका व्हिडिओत तो मागे उभा राहून हसत होता, पण पुढे बायकांचा कलकलाट. डेपोतल्या घोषणा तर तो रोज तिथल्या तिथे करायचा, त्या कोण ठेवणार? इतक्या लोकांनी ऐकलेला आवाज, आणि कुणाकडेच नव्हता.

"तूच बोल काकू," पुतणी म्हणाली. "माझ्या आवाजात काकाने संडास मागितलं तर मलाच कसंसं होईल."

तिने चार शब्द बोलून दिले. नवऱ्याच्या हातात मोजा चढवला. त्याने हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिला. अंगठा पहिल्या बोटाला टेकवला.

"पाणी," मोजा तिच्या आवाजात म्हणाला.

तिने धावत पेला आणला. त्याने एक घोट घेतला. तिला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

पण सुटका कुठली! दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोजा बोलत सुटला. "पाणी." तिने पेला नेला, त्याने पाहिलंही नाही. ती मशीनवर येते न येते तोच, "दुखतंय." कात्री टाकून आत. "कुठं? डोकं? पाठ? गुडघा?" कुठेच नाही. "संडास." खांद्याला खांदा लावून त्याला उठवलं, नेलं, बसवलं, वाट पाहिली, परत आणलं. काही नाही. "पाणी." पेला तसाच भरलेला होता.

"कुठेतरी दोरे चिकटलेत," ती पुतणीला म्हणाली. "आपोआप वाजतंय हे."

पुतणीने मोजा काढून एकेक टाका तपासला. "नाही गं. व्यवस्थित आहे. काकाच दाबतोय."

दुपारी तिच्या लक्षात आलं की धांदलीत तिने पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले होते. ती पँट हातात धरून नुसती बघत राहिली. आतून पुन्हा, "दुखतंय."

पँट घेऊनच ती पडद्यात उभी राहिली. "मी काय भिंगरी आहे का हो? पाणी म्हणता, पीत नाही. दुखतंय म्हणता, दुखत नाही. सकाळपासून पायाचे तुकडे पडलेत माझे. हे बघा, हे काय शिवून ठेवलंय! काय हवंय काय तुम्हाला?"

"नको," मोजा म्हणाला.

"काय नको?"

"नको. नको."

"मी नको? तसं सांगा. जाते मी!"

त्याने हात पलंगावर आपटला. तिच्याकडे बोट केलं, मग मोज्यावरची डबी गालाने घासली, परत तिच्याकडे बोट केलं. तोंड उघडलं. जबडा खाली गेला आणि तसाच राहिला. "अ... अ..." डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं की कसलं ते कळत नव्हतं.

पुतणी मागे येऊन उभी होती. "काका, दुसरा शब्द हवाय?"

त्याने जोरात मान हलवली. हो.

"काकूला काही म्हणायचंय?"

हो.

"काकूचं नाव?"

त्याने पुतणीकडे असं पाहिलं की एवढ्या गोंधळातही तिला हसू फुटणार होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. ड्यूटीवरून आला की जिन्यातूनच आवाज यायचा. चष्मा सापडत नसला की तोच आवाज. चहा गार झाला, खिडकीबाहेर कुणी भांडत असलं, नाहीतर काहीच नसलं, तरी तोच. "नुसतं अगं अगं काय करता, पुढे बोला की!" म्हणून ती चिडायची. पुढे बऱ्याचदा काही नसायचंच.

ती पलंगाच्या कडेला बसली.

"अगं?" तिने हळूच विचारलं.

त्याने डोळे मिटले. मोज्याचा हात तिच्या मनगटावर पडला आणि तिथेच राहिला.

बोटं चारच, म्हणून एक शब्द काढायला हवा होता. पुतणी म्हणाली, "पाणी काढू या. पेला उचलून दाखवता येतो."

त्याने अंगठा मधल्या बोटाला लावला. "दुखतंय." मग करंगळीला. "नको."

"काका, तो राहू दे. तोच महत्त्वाचा आहे."

"दुखतंय," मोजा म्हणाला. "नको."

शेवटी ती म्हणाली, "काढ. ते सांगतायत तर काढ."

रेकॉर्ड करायला मात्र तिला जमेना. पहिल्यांदा तो शब्द मोलकरणीला हाक मारल्यासारखा आला. दुसऱ्यांदा गिऱ्हाइकाला थांबवल्यासारखा. स्वतःलाच हाक कशी मारायची? "काकू, काका म्हणायचा तसं म्हण," पुतणी म्हणाली. तिने डोळे मिटले, मान थोडी वर केली, जिना चढून आलेल्या माणसासारखा दम घेतला. "अगंऽऽ." शेवट जरा घोगरा झाला. पुतणीने पुन्हा म्हण असं म्हटलं नाही.

पुतणी सुट्टी संपवून गेली. घरात दिवसभर हाका सुरू झाल्या. आवाज दर वेळी तोच, पण मधल्या थांबण्यावरून तिला कळायला लागलं. एकदाच आली की, जमलं तर ये. थोड्या थोड्या वेळाने आली की, कंटाळलोय. व्यायामाच्या वेळी लागोपाठ आली की, या माणसाला आवर. प्रत्येक वेळी ती जायचीच असं नाही. कधी बसल्या जागेवरूनच "ऐकलं!" म्हणायची, आणि तेवढ्यानेही चालायचं. तो चार घास जास्त खाऊ लागला. तिच्या जिवाची धाकधूक मात्र थांबली नाही. काढलेला शब्द तिला सलायचा. कपडे बदलताना ती त्याची पाठ, कुशी, टाचा चाचपून पाहायची.

एका संध्याकाळी हाका एकीवर एक आल्या. "थांबा, एवढी शिलाई होऊ दे," ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी सगळं टाकून धावली. तो पलंगावरून अर्धा घसरला होता, चादर धरून लोंबकळत. तिने खालून खांदा दिला, पण त्याचं वजन पेलेना. दोघं हळूहळू जमिनीवरच टेकले. तिने त्याची कंबर चाचपली. एक जागा लालभडक झाली होती.

"दुखतंय?"

नाही, अशी त्याने मान हलवली.

"खोटं बोलता," ती म्हणाली. पुन्हा उठवायला अंगात बळ येईपर्यंत दोघं पलंगाला पाठ टेकून बसून राहिले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"अगं," मोजा म्हणाला.

"इथेच आहे की."

पुढच्या आठवड्यात एक नवं गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. बाह्या लांब होत होत्या. तिने त्याला उभं केलं, हात लांब करायला सांगितला आणि खांद्यावर टेप धरली.

"अगं," पडद्यामागून हाक आली.

गिऱ्हाइकाने दचकून पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आत कोण आहे? तुमचाच आवाज आल्यासारखा वाटला."

"आमचे हे बोलावताहेत," ती म्हणाली. "आलेच."

टेप त्याच्या खांद्यावर तशीच सोडून ती आत गेली. पडदा हलायचा थांबला तरी तो गृहस्थ एक हात लांब करून उभाच होता.