खंडेनवमीचा नट

बसा हो, खुर्ची ओढून घ्या. चहा होतोय, तोवर एका विमानाची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तरी शेवटपर्यंत ऐका, मग काय ते बोला.

साल चौसष्ट. भास्करराव रेल्वेत फिटर होते. रिटायर झाले आणि बायकोला, सरलाबाईंना घेऊन जर्मनीत हायडेलबर्गला आले. पोरगा श्रीरंग तिथं डॉक्टरकी करत होता, म्हणजे सुया टोचायची नव्हे, पुस्तकांतली. घरमालक हेर फोगेल (हेर म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'), ट्रामचा रिटायर ड्रायव्हर. त्यानं फ्रान्सातनं सुट्ट्या भागांचं विमान मागवलेलं. लाकडाच्या पट्ट्या, कापड, डबाभर नटबोल्ट. दोघांची भाषा एक नाही, पण पान्याचा नंबर दोघांनाही कळायचा. दीड वर्षात गॅरेजात दोन माणसांचं विमान उभं राहिलं की!

कटकट एकच. तिकडं दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही. फोगेल तर त्या वेळात शिंकसुद्धा उशीत दाबायचा. भास्कररावांनी दीड वर्षं हातोडा उचलला नाही त्या दोन तासांत. बदल्यात फोगेलनं शब्द दिला, की तुमची खंडेनवमी मीही पाळीन. त्या दिवशी हत्यारांची पूजा, हत्यार चालवायचं नाही. भास्कररावांनी उमेदवारीत एकदा चालवलं होतं, तर करंगळीचं टोक गेलं.

आणि विमान उडवायला परवानगी देणारा सरकारी तपासनीस नेमका खंडेनवमीलाच आला. हेर लेन्झ. पाने, पक्कडी, स्क्रू-ड्रायव्हर सगळे पाटावर, कुंकू लावून, डेलियाची फुलं वाहून बसलेले. लेन्झनं विमान बोटांनी चाचपलं आणि एका नटाशी थांबला.

"हा पाव फेरा आवळा, पिन घाला. लगेच सही करतो."

"उद्या आवळतो म्हणावं," भास्करराव पोराला म्हणाले.

श्रीरंगनं विचारलं आणि त्याचं तोंडच उतरलं. "बाबा, यांची पुढची तारीख एप्रिलची आहे."

एप्रिल म्हणजे संपलंच. फोगेल सत्तरीचा. डॉक्टरनं बजावलेलं, उडायचं ते डिसेंबरच्या आत, पुढं विमान चालवायचं सर्टिफिकेट देणार नाही.

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. एक वाजला. फोगेलनं ओठांवर बोट ठेवलं, आणि तिथनं पुढचं सगळं भांडण कुजबुजत, श्रीरंग मधे उभा राहून इकडचं तिकडं सांगत.

"फोगेल, तू आवळ रे," भास्करराव कुजबुजले.

"नाइन, नाही. शब्द दिलाय."

"मी सोडलं तुला शब्दातनं!"

"तुम्ही दीड वर्षं माझी दुपार पाळलीत. मी एक दिवस मोडू?" म्हाताऱ्याचे डोळे भरलेले, पण मान आडवीच.

श्रीरंग लेन्झकडं वळला. "साहेब, तुम्हीच आवळता का?"

"मी हात लावला तर माझं काम मलाच तपासावं लागेल. मला ती परवानगी नाही."

चौघं त्या नटाकडं बघत उभे, मयताला आल्यासारखे. एवढ्यात सरलाबाई आल्या, हातात सांडशी. त्या कसल्या कुजबुजतायत!

"अहो, पुरण गार होतंय! काय झालंय?"

श्रीरंगनं सांगितलं. बाई सरळ वाकल्या आणि सांडशी नटाला लावली.

"अगं, हत्यार आहे ते!" भास्करराव कुजबुजतच ओरडले.

"हो का? मग सकाळी पातेलं कशानं उतरवलं मी, जिभेनं? पस्तीस वर्षांत एका खंडेनवमीला कुंकू लावलंत हिला? सुट्टी दिलीत?"

बाईंनी पाव फेरा आवळला, पिन घातली, टोकं वाकवली.

लेन्झनं नट हलवून पाहिला. "गेनाऊ! अगदी बरोबर!" मग फॉर्म काढला. काम कोणी केलं? सरला. हत्यार? त्यानं सांडशी पट्टीनं मोजली आणि चित्रच काढलं. अनुभव? पस्तीस वर्षं. सही ठोकली, तीही आवाज न करता.

आठवड्यानं फोगेल उडाला. नदीवरनं दोन घिरट्या घातल्या आणि उतरला तो पोरासारखा रडत. त्यानं भास्कररावांना मिठी मारली, पण दुसऱ्या सीटवर पहिला मान दिला सरलाबाईंना. कागदावर शेवटचं नाव त्यांचं ना!

तेव्हा एक करा. भास्करराव भेटले तर विमान कसं जोडलं ते खुशाल विचारा, तासभर सांगतील. फक्त नटाचं विचारू नका, मी सांगितलं म्हणून तर मुळीच नको.