कुंकू लावलेलं देवभात

“सर, शेतातल्या भाताचं आणि तळ्यातल्या देवभाताचं लग्न लागतं का?”

दहावीचा वर्ग फिसकन हसला. विचारून दाखव, म्हणून रंजना आणि पुतळी या मैत्रिणींनी डिवचलं होतं. प्रमिलाने विचारून दाखवलं, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसली नाही. मागल्या वर्षीची प्रमिला असती तर बाकाखाली शिरली असती.

शेतकीचे सर हसले नाहीत. लागतं, म्हणाले. दोन्ही एकाच कुळातली, वाऱ्याने पराग जातो. प्रयोगशाळेत वाणात घातलेला गुणही त्याबरोबर रानात जातो. मग तणनाशकाने न मरणाऱ्या भाताशेजारचं देवभातही मरेनासं होतं. गेलेला गुण परत बोलावता येत नाही.



गेल्या साली तिच्या बाने, ढवळूने, फिरत्या विक्रेत्याकडून असलंच बियाणं घेतलं होतं. पिशवीवर नाव ना गाव. शेत तळ्याला लागून, आणि तळ्यात पूर्वापार आपसूक उगवणारं रानटी देवभात. त्याला बैलाचा नांगर लागत नाही, म्हणून पोशेऱ्यातल्या त्यांच्या पाड्यावर बायका ऋषिपंचमीला तेच साठवलेलं रांधून खात.

यंदा तणनाशकाच्या फवाऱ्याने शेताच्या कडेचं सगळं गवत जळालं, पण तिथेच उगवलेले देवभाताचे ठोंब हिरवेगार राहिले. आईने त्यांना कुंकू लावलं. देव पावला, असं पाडाभर सांगितलं. दाणे पिकले की ती ते तळ्यात टाकणार होती, देव वाढावा म्हणून. लोंब्या आता भरत आल्या होत्या.

प्रमिला दप्तरासकट शेतावर गेली. सरांचं सगळं बोलणं तिने आईबापाला सांगितलं.

“तुझा सर देवाला वळखतो काय?” बा म्हणाला.

“देवाला नाय, पिशवीला वळखतो.”

 पिशवी बानेच आणली होती.

आईने विचारलं, “मंग तळ्यातलं जुनं?”

“हे दाणं पडलं तर तेपण असंच व्हल. जुनं राहणार नाय.”

“आधीच गेलं असल तर?”

“ठाव नाय, आये.”

आई खाली वाकली. कुंकू लावलेल्या ठोंबाला तिने हात जोडले आणि बाजूला सरकली.

प्रमिलाने दप्तर बांधावर ठेवलं.

“उद्या मी शाळंत जात नाय. दाणा गळायच्या आत सगळं उपटून जाळणार. कुंकवाचंपण.”