डावा खांदा

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तिने ताईच्या उजव्या डोळ्यात पहिल्या औषधाचा थेंब टाकला आणि घड्याळाकडे पाहिले. दुसरे औषध पाच मिनिटांनी. शस्त्रक्रियेला नऊ दिवस झाले होते आणि नऊही दिवस हा क्रम चुकला नव्हता. त्याआधी दूध तापवून, पाव भाजून, कालचे कपडे दोरीवरून काढून झालेले असत. ऑफिसच्या पिशवीत पाण्याची बाटली, चष्म्याचे घर आणि दोन पेने गेलेली असत. मधली पाच मिनिटे दोघी बहिणी नेमाने एकमेकींना टोमणे मारण्यात घालवत.

"शुक्रवारी तुझा तो उडणारा थिएटरात येतोय ना?" डोळे मिटून पडलेली ताई म्हणाली.

"उडत नाही तो. उचलतो."

"तेच ते. पन्नाशी उलटली तुझी, अजून चड्डी पँटवरून घालणाऱ्यांच्या मागे फिरतेस. आईला वाटायचं, पोरगी वर्तमानपत्रात लागली, आता मंत्र्यांना जाब विचारील."

"मंत्र्यांपेक्षा हे बरे. निदान पूल तरी पडू देत नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. वृत्तसंपादक होता. दहा वर्षांपूर्वी तो तिच्याच हाताखाली बातमी लिहायला शिकला होता.

"मॅडम, 'अढळ'चे ते म्हातारे चित्रकार पहाटे गेले. तुमचा मजकूर तयार आहे ना आपल्याकडे? फक्त तारीख आणि वय टाकायचंय. पाचपर्यंत सोडा."

"हो," ती म्हणाली.

"काय गं?" ताईने विचारले.

"एक ओळखीचे गेले."

दुसऱ्या औषधाचा थेंब गालावर पडला. तिने तो पुसला आणि पुन्हा टाकला.

तेहतीस वर्षे ती चित्रकथा आणि महानायकांच्या जगाविषयी लिहीत होती. आरंभी हे सदर कोणालाच नको होते म्हणून तिच्या वाट्याला आले. पुढे त्या नायकांचे चित्रपट निघाले, खेळणी निघाली, आणि ऑफिसात तिला 'महानायिका' म्हणून हाक मारणारे सहकारी आपल्या मुलांसाठी पासेस मागू लागले. या सगळ्याची सुरुवात एका मुलाखतीने झाली होती. कोसळते पूल आणि इमारती खांद्यावर तोलून धरणारा 'अढळ' हा नायक आपल्याला तापाच्या ग्लानीत कसा दिसला, हे त्याच्या प्रकाशकाने, सगळ्यांच्या 'साहेबां'नी, तिला सांगितले होते. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. लेख गाजला. ग्लानीची ती कथा पुढे प्रत्येकाने तिच्याच लेखातून उचलली.

तीन वर्षांपूर्वी चित्रकार पहिल्यांदा रुग्णालयात गेला, तेव्हा तिनेच त्याचा मृत्युलेख लिहून ठेवला होता. वर्तमानपत्रांत हे असे करावेच लागते. पहिले वाक्य तिला पाठ होते: 'अढळच्या जनकाचे निष्ठावंत सहायक...'

आंघोळ झाल्यावर तिने माळ्यावरची पेटी खाली घेतली. तिच्या मुलाखतींच्या सगळ्या वह्या तारीखवार लावलेल्या होत्या. हवी ती वही शोधावी लागली नाही. सतराव्या पानावर मुलाखतीची तारीख होती, दहा. समासात, घाईच्या अक्षरात लिहिले होते: 'साहेब फोनवर. चित्रकाराने शाळेची वही दाखवली. अढळ. तारीख नोकरीच्या दोन वर्षं आधीची. डावा खांदा उतरलेला – वडील, हमाल.' त्याखाली, शाई बदललेली: 'साहेब परत. चित्रकार म्हणतो, "कल्पना सगळी साहेबांचीच."'

छापले होते ते फक्त शेवटचे वाक्य.

चित्रकाराचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. बाहेरच्या खोलीत चार-पाच शेजारी भिंतीला टेकून बसले होते. मृतदेह रुग्णालयातून यायचा होता. खिडकीपाशी त्याचे चित्रे काढायचे उतरते टेबल होते. त्यावर औषधांचे डबे ठेवलेले होते आणि मागच्या भिंतीवर एका माणसाचे जुने छायाचित्र होते. माणूस धिप्पाड. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटे खाली.

चित्रकाराच्या बायकोने तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"तुम्ही त्याच ना? लेखवाल्या?"

"हो."

"बसा. ती खुर्ची नको, डगमगते. इकडे या."

ती बसली. काय बोलावे हे तिने वाटेत ठरवले होते. पण बाईनेच आधी सुरुवात केली.

"कोर्टात तुमचा लेख वाचून दाखवला होता," बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, वाणसामानाची यादी सांगावी तसा तो सपाट होता. "अकरा वर्षं झाली. यांना पैसा नको होता हो. नाव लावा, एवढंच म्हणणं. तर साहेबांच्या वकिलानं तुमचा कागद काढला. म्हणाला, बघा, हे स्वतःच बोललेत. खलास! घरी आल्यावर मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तर हे माझ्यावरच डाफरले. म्हणाले, त्या बाईनं एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मी बोललो तेच लिहिलंय."

"त्यांची ती शाळेची वही..."

"घरात पाणी शिरलं होतं एकदा, त्यात लगदा झाला तिचा. वकील म्हणाला, वही कोणी पाहिलीय का? हे म्हणाले, एका माणसानं पाहिलीय. मग बोलवू या की, वकील म्हणाला. हे नको म्हणाले." बाईने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले आणि सोडले. "मी खोदून खोदून विचारलं, कोण माणूस? तर म्हणाले, जाऊ दे. आठवत असतं तर आपणहून आला असता."

कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला आणि तसाच हातात धरून बसली.

"मी पाहिली होती वही," ती म्हणाली.

बाई छायाचित्राकडे पाहत म्हणाली, "ते समजलं मला. तुम्ही आत आल्या आल्या खांद्याकडे बघितलंत. नवं माणूस तोंडाकडे बघतं."

जिन्यापर्यंत पोचवायला आली तेव्हा बाई एवढेच म्हणाली, "उद्या काय छापणार? एक करा. सहायक नका लिहू."

ऑफिसात तिने मृत्युलेख नव्याने लिहिला. वृत्तसंपादकाने तो उभ्यानेच वाचला, दार लावून घेतले आणि पुन्हा वाचला.

"मॅडम, पुरावा काय?"

"माझी वही."

"तुमच्या वहीविरुद्ध तुमचाच लेख आहे. तोही कोर्टानं मानलेला. वरचे मला फाडून खातील. शुक्रवारी चित्रपट लागतोय. आणि गौरवग्रंथ तुम्हीच लिहिताय ना त्यांचा?"

साहेबांच्या प्रकाशनसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथाचा करार तिच्या पिशवीतच होता, सहीवाचून. निवृत्तीनंतर आपल्या नावावर एक जाडजूड पुस्तक असेल, एवढीच हौस तिने इतकी वर्षे जपली होती.

"सहायक काढतो," तो हळूच म्हणाला. "चित्रकार करतो. त्यापुढे माझा हात पोचत नाही. आणि तुमच्या भल्याचं सांगतो, हे छापलं तर तुमच्या तेहतीस वर्षांवर कोण विश्वास ठेवील?"

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. त्याला वाटले, प्रश्न मिटला.

जिन्याखाली दुरुस्तीचे टेबल होते. आद्य संपादकांनी घालून दिलेला एक नियम या वर्तमानपत्रात अजून पाळला जात असे: बातमीदाराने स्वतःच्या सहीने दिलेली दुरुस्ती कोणी अडवायची नाही, तिच्यातला शब्द बदलायचा नाही आणि ती दुसऱ्याच दिवशी छापायची. त्या जागी सहसा चुकलेली आडनावे आणि उलटसुलट झालेली छायाचित्रे येत. मुदत किती, हे नियमात लिहायचे कोणाला सुचले नव्हते.

तिने छापील अर्ज घेतला. प्रसिद्ध मजकूर: 'अढळ' या नायकाची कल्पना प्रकाशकांची. हवा होता तो मजकूर: तिने चित्रकाराचे संपूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे एकच ओळ: मुलाखतीच्या वेळी प्रस्तुत बातमीदाराने मूळ रेखाटन स्वतः पाहिले होते. चूक कोणाची, यापुढे 'मुद्रण' आणि 'बातमीदार' असे दोन चौकोन होते. तिने दुसऱ्यात खूण केली, सही केली, वहीचे सतरावे पान अर्जाला जोडले. गौरवग्रंथाचा करार पिशवीतून काढून टपालाच्या खणात ठेवला. सहीच्या कोऱ्या जागेवर तिने आडवी रेघ मारली होती.

टेबलावरचा कारकून चष्मा कपाळावर चढवून अर्ज वाचू लागला. अर्ध्यावर आल्यावर त्याने तिच्याकडे पाहिले, मग पुन्हा कागदाकडे.

"मॅडम, इथं गडबड झालीय. मजकूर प्रसिद्ध झाला बारा तारखेला."

"हो."

"आणि 'चूक लक्षात आल्याची तारीख' तुम्ही दहा लिहिलीय. म्हणजे छापण्याच्या दोन दिवस आधीची."

"हो."

"नजरचुकीनं झालं असेल. आजची घालू?"

"नको," ती म्हणाली. "ती बरोबर आहे."

कारकुनाने चष्मा डोळ्यांवर घेतला. थोडा वेळ त्याचा हात शिक्क्यावर नुसताच टेकून राहिला. मग त्याने शिक्का शाईवर दाबला, कागदावर उमटवला आणि अर्ज उद्याच्या खणात सरकवला.

तिने घड्याळात पाहिले. ताईच्या संध्याकाळच्या थेंबांना अजून वेळ होता. तिने पिशवी उचलली. आता तिच्यात पाण्याची बाटली, चष्म्याचे घर आणि दोन पेने एवढेच होते.